पाठीची रपट

समस्त वाचकांस कळविण्यात येते की, माझी पाठ सरकारदरबारी नोंदलेली आहे!

अहेरीच्या ठाण्यात हवालदार म्हणाला, "वळ पाह्यल्याबिगर रपट लिहीत नाई." रपट मिळाली नसती, तर मला नवऱ्याकडेच परत जावं लागलं असतं. मग बाजारातल्या दोन बायांनी अंतरपाटासारखं लुगडं धरलं. सुकी मासळी विकणारी म्हातारी आत शिरली आणि माझ्या पाठीवरचं मोठमोठ्यानं सांगू लागली. पलीकडे हवालदार लिहीत होता. दारात नवरा शपथा घेत होता, "मी बोटही लावलं नाई जी!"

म्हातारी ओरडली, "हे लाथेचं दिसते, लिवा!"

नवरा उसळलाच, "लाथ कुठी मारली, बुढे? काठीनंच तं मारलो!"