कवड्यांच्या डब्याचा लिलाव

डोंगरकडा गावातलं तोरणं शिवायचं काम मी बंद केलं तेव्हा घरात लोकर, मणी, आरशाच्या टिकल्या अशा नऊ पिशव्या आणि कवड्यांनी भरलेला तेलाचा डबा उरला. गावात घेणारं कोणी नव्हतं. म्हणून हस्तकला करणाऱ्या बायकांच्या फोनवरच्या एका ग्रुपात शिरले. तिथं फोटो आणि वजन टाकायचं, खाली दोन दिवस बोली लागते. नियम एकच, पण कडक: एक तक्रार आली की विकणारी ग्रुपाबाहेर. माझ्या सामानाला दुसरी वाट नव्हती.

कवड्यांचा फोटो टाकला आणि घटकाभरात एकीनं बोली दुप्पट केली. प्रोफाइलला चेहरा नाही, नुसता गुलाब. कोणी वर गेलं की ही आणखी वर. ना प्रश्न, ना दुसरा फोटो. माल न बघता एवढं कोण देतं? गोड बोलून खाती रिकामी करणाऱ्यांच्या गोष्टी मी ऐकल्या होत्या. पण जवळचा संशय धाकट्या जावेवर होता. तिला माझा लिलाव म्हणजे खूळ वाटायचं.

"गुलाब लावून तूच बोली चढवून राहिली का गं?"

"अक्का, त्या कवड्या फुकट देल्या तरी मला नको. अन् चढवली असती तर फायदा तुमचाच. भांडता काहून?"

मुद्दा बरोबर होता. शंका गेली नाही.

शेवटची बोली गुलाबाचीच राहिली. लगेच निरोप आला: पैसे माल बघून देईन, गाव जवळच आहे, उद्या येते. दुसऱ्या दिवशी मी फोन कपाटात ठेवला आणि जावेला दाराशी बसवलं.

आली ती तांड्यावरची, माझ्याच वयाची बाई. भरतकाम करून विकणारी. तिनं पाण्याचा तांब्या बाजूला सारला, डबा जमिनीवर उपडा केला आणि एकेक कवडी दातावर वाजवायला लागली. अर्ध्याहून जास्त डावीकडे गेल्या.

"ह्या प्लास्टिकच्या हायत, बाई. वर खऱ्या, खाली ह्या."

"बघून बोली लावायची मग."

"बघूनच लावली. वजन लिहिलं ना तुमी, ते लई कमी. एवढा डबा खऱ्या कवड्यांनी भरला असता तर तुमाला उचलवला नसता."

"मग चढवली काहून?"

"दूरच्या कोनी पैसे धाडले असते अन् फसली असती. खऱ्या मला पाहिजेच हायत."

दारातून जाऊ म्हणाली, "घ्या अक्का. अन् चोर धरायला मला बसवलं!"

स्वस्त तोरणांसाठी प्लास्टिकच्या कवड्या मीच आणायची आणि त्याच डब्यात टाकायची. फोटोआधी खऱ्या वर आणल्या त्याही मीच. मोंढ्याच्या बाजारात हळदीचा ढीग लावताना आम्ही चांगली कांडी वर ठेवतो. घेणारा कोपरापर्यंत हात घालून तळची काढतो, त्यामुळे त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. फोटोत हात घालता येत नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. किंवा आलं होतं आणि मी थांबले नाही.

"तक्रार लिहिणार का?" मी विचारलं.

"तुमीच लिहा. मी बसते."

मी लिहिलं: डब्यात अर्ध्याहून जास्त कवड्या प्लास्टिकच्या आहेत, चूक माझी, ही बोली रद्द. तिनं ते मोठ्यानं वाचायला लावलं, मगच खऱ्या कवड्या माफक दरानं घेऊन उठली.

ग्रुपात पहिलं उत्तर आलं: "बाहेर जास्त भाव मिळाला वाटतं."

मी नऊ पिशव्या एकेक करून सतरंजीवर ओतल्या, पसरल्या आणि पुन्हा फोटो काढायला घेतले. मला ठेवायचं की काढायचं, ते ग्रुप चालवणारीनं अजून कळवलं नव्हतं.