डोक्यातला सुभेदार

खालापुरात तहसील कचेरीजवळ आमची एक खोली आहे. तिथं आठवड्यातून तीन दिवस मी बसते. गंभीर मानसिक आजारामुळे फौज सोडावी लागलेल्या माणसांना प्रशिक्षणापर्यंत आणि जमलं तर नोकरीपर्यंत पोचवायचं, हे माझं काम. म्हणजे अर्धा वेळ कागदांमागे पळायचं आणि उरलेला अर्धा वेळ "हा माणूस काम करू शकतो" हे लोकांना पटवायचं. कधीकधी त्या माणसालाच.

हवालदार पहिल्यांदा आले ते टाचा जुळवून दारातच उभे राहिले. शेवटी बायकोनं दंड धरून त्यांना बसवलं. पंचेचाळिशीचे, गुळगुळीत दाढी, शर्टाला कडक इस्त्री. फौजेत स्टोअर सांभाळायचे. मग कानात आवाज यायला लागले, झोप उडाली, स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आणि ते कायमचे घरी आले. औषधांनी बाकीचे आवाज गेले, एक उरला.

"सुभेदार हाय तो," ते मला म्हणाले. "दिवसभर हुकूम सोडतो. गोळ्यांनी आता घसा बसलाय त्याचा."

मला फिस्सकन हसू आलं आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते म्हणाले, "हसा, मॅडम. घरी कुनी हसतच नाय. सगळी तोंडं पाडून बसतात."

तिथून आमचं जमलं.

"ह्यांना कुठंतरी कामाला लावा," बायको म्हणाली. "पाच वर्सं घरात हायत. माझ्या भांड्यांवर नंबर टाकलेत. सात नंबरचं झाकण आठ नंबरच्या टोपावर गेलं की जेवत नाय हा मानूस!"

मी टेबलावर थाप मारली. स्टोअरकीपर! नुसत्या विचारानंच मला नाचावंसं वाटलं.

नाचायला अजून वेळ होता. डॉक्टरांचं पत्र, दिव्यांगत्वाचा दाखला, फौजेतून सुटल्याचे कागद, आणि प्रत्येक खिडकीवर पुढच्या खिडकीचा पत्ता. प्रशिक्षण केंद्रात एकानं तर तोंडावर विचारलं, "असल्या माणसाला कसं घ्यायचं?" मी बाह्या सरसावल्या, पण हवालदारच शांतपणे म्हणाले, "असला म्हंजे कसला, ते सांगा. तसं लिहून देतो." त्या माणसानं फॉर्म पुढे सरकवला. प्रवेश मिळाला.

मधे एक आठवडा फार वाईट गेला. सुभेदाराचा घसा पुन्हा मोकळा झाला आणि हवालदारांनी अंथरूण सोडलं नाही. डॉक्टरांनी औषध बदललं, केंद्राला मी फोन करत राहिले, जागा राखून ठेवायला लावली. नवव्या दिवशी ते वर्गात हजर, दाढी करून.

मग खोपोलीतल्या एका छोट्या कारखान्यात मुलाखत ठरली. स्टोअरच्या साहेबांसमोर हवालदार बसले, बाजूला मी. साहेब कामाच्या वेळा समजावत होते, तेवढ्यात हवालदार ठणकावून म्हणाले, "गप बसा, साहेब!"

साहेबांचा हात हवेतच राहिला.

"तुमाला नाय," हवालदार घाईनं म्हणाले. "माझ्या डोक्यात एक सुभेदार हाय. आजार हाय तो, गोळ्या चालू हायत. मधेमधे बोलतो."

साहेब पुढे झुकले. "आत्ता काय म्हणाला?"

"म्हनतो, पळ इथून."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हनतो, तुमच्या मागच्या रॅकवर नट आनि वॉशर एकाच ट्रेत टाकलेत. ते आधी येगळे करू."

साहेबांनी मान वळवून पाहिलं. ट्रे तसाच होता. मग ते असे हसले की दाराबाहेरून दोघंजण डोकावले. मी संधी साधून आम्ही मिळून लिहिलेलं कार्ड पुढे केलं: रात्रपाळी नको, गोळ्यांची वेळ चुकवायची नाही, चेहरा उतरला तर दहा मिनिटं बाहेर बसू द्यायचं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "एवढंच? माझ्या मेव्हण्याच्या अटी याहून जास्त आहेत," म्हणाले आणि सोमवारपासून या म्हणून सांगितलं.

फाटकाबाहेर बायको उभी होती. तिनं काही विचारायच्या आतच हवालदारांनी तिला कडक सॅल्यूट ठोकला. तिनं भर रस्त्यात पोशीरला माहेरी फोन लावला. "आई, लागली गं! नोकरी लागली ह्यांना!" फोनची गरजच नव्हती, पोशीरला नुसतं ऐकू गेलं असतं. समोरच्या टपरीवर आम्ही वडापाव मागवले आणि तिघं एकाच वेळी बोलत, हसत सुटलो. हसताना बायकोला उचकी लागली. हवालदार गंभीरपणे म्हणाले, "सुभेदार इचारतो, त्याला वडा कुठाय?" मी तर बाकावरून घसरलेच. दोन एसट्या समोरून गेल्या, एकीलाही हात केला नाही.

दीड वर्ष झालं त्याला. एकदा पंधरा दिवस रजा घ्यावी लागली, पण ते परत गेले. परवा त्यांच्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, स्टोअरमधून स्क्रूड्रायव्हर घेतला तर मलासुद्धा सही करावी लागते! तुमच्याकडे असं आणखी कुणी आहे का? वेल्डिंगला माणूस हवाय."

माझ्या समोर त्याच वेळी फौजेतला एक माजी नायक बसला होता, तासभर जमिनीकडे बघत. मी फोन छातीशी धरून ओरडलेच, "अहो, तुम्हाला वेल्डिंग येतं ना?"

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली.