आवतन दिलेला बैल

आधी मावशींचं सांगते. जठारपेठेत त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहते. सकाळी त्या हातगाडीवर भाजी विकतात. त्या नसत्या तर आमच्या जोडीतला डावा बैल आज नसता.

नववीनंतर माझी शाळा सुटली आणि मी अकोल्याला साडीच्या दुकानात कामाला लागले. गाव परतवाड्याच्याही पुढे. घरी मुलगा नाही, म्हणून बैलांचं सगळं लहानपणापासून माझ्याकडे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचे खांदे हळद-लोण्याने शेकायचे आणि कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या वर्षी मला सुट्टी मिळाली नाही. बाबा म्हणाले, "फोनवरून म्हण माय, मी त्यायच्या कानाले लावतो."

त्यांचा फोन आला तेव्हा मी मोबाइलवर खेळत होते. संध्याकाळी खोली खायला उठते, म्हणून लागलेली सवय. खेळात जंगलात एकटीने जगायचं, भूक लागली की शिकार करायची. समोर एक पांढरा बैल चरत होता. मी त्याला तीन गोळ्या घातल्या. तो आधी गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, आणि त्याच्या जागी मांसाचं चित्र आलं. तेवढ्यात बाबांचा फोन. मी आवतन दिलं. पलीकडे बैलाने सोडलेला श्वास ऐकू आला. फोन ठेवल्यावर खेळ होता तिथूनच सुरू झाला आणि मी ते मांस उचललं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांचा पुन्हा फोन. "माय, डावा उठून नाही राह्यला. रवंथ बंद हाये. पोट नगाऱ्यावानी झालं. कोनाची तरी नजर लागली. दृष्ट काढली, आता पाहू."

नजर कोणाची ते मला माहीत होतं. डावाही पांढराच. त्याची माय गेली तेव्हा बाटलीने दूध पाजून मी त्याला वाढवला होता.  फोन ठेवला, खेळ काढून टाकला, चहाचा कप तसाच ठेवला आणि उपाशी दारात बसून राहिले. तो उठेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं.

मावशी गाडी घेऊन निघाल्या होत्या. "काऊन वं, दुकानात नाही जायचं? तोंड कायले असं केलं?"

मी सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी गाडी भिंतीला लावली.

"ढोराच्या डॉक्टरले बोलावलं?"

"माहीत नाही."

"अन् तू केव्हाची इथं बसून हायेस?"

"मावशी, मी त्याले मारलं."

"फोनातल्याले मारलं. खरा तिकडे मरून राह्यला, त्याचं पाह्य ना. पोळ्याले काय खाल्लं त्यानं? बापाले इचार."

तेव्हा कुठे माझं डोकं जागेवर आलं. पोळ्याला बैल घरोघर नेतात आणि दर घरची बाई पुरणपोळी भरवते. मी दरवर्षी दोरी धरून सोबत असायची, "एकच घास हो काकू" म्हणत. बाबांना कोणालाच नाही म्हणता येत नाही, आणि पुरण जास्त झालं की बैलाचं पोट फुगतं. रवंथ बंद म्हटल्याबरोबर हे मला कळायला हवं होतं. बैलांशिवाय दुसरं काय येतं मला?

मावशींनी बाबांना फोन लावून माझ्या कानाशी धरला.

"बाबा, परवा किती घरं झाली? नाही, काल, काल."

"सारं गाव झालं. सगळ्यायनं मोठ्या मायेनं चारलं. नाही कसं म्हणू?"

"डॉक्टरले आत्ताच बोलवा. पोळ्या किती खाल्ल्या ते सांगजा त्यायले."

दुपारपर्यंत मावशी माझ्याजवळ बसून होत्या. गाडीवरच्या मेथीवर मधूनमधून पाणी शिंपडायच्या. फोन वाजला की मला उचलवत नव्हता, त्याच घ्यायच्या. डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून पोटातला वायू काढला, औषध दिलं. अजून थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता, म्हणाले. तो थोडा वेळ मी दारात बसून घालवला होता.

चार वाजता बाबांनी सांगितलं, डावा उठला. मावशींनी माझ्यापुढे भाकरी ठेवली. मी खात असताना म्हणाल्या, "एक सांग. त्या फोनातल्याले मारतानी काय वाटलं तुले?"

मी आठवून पाहिलं. "काहीच नाही."

 "मले त्याचं भेव वाटते, पोरी."

मलाही. बैल वाचला, पण ते भेव गेलं नाही. अजूनही संध्याकाळी अंगठा मोबाइलवर त्या खेळाच्या रिकाम्या जागेवर जातो, आणि मी फोन उशीखाली ठेवून मावशींच्या ओट्यावर भाजी निवडायला जाते.

त्या दिवशी मेथी कोमेजलीच. "ज्या बैलापायी माही मेथी गेली," मावशी म्हणाल्या, "तो एकदा दाखवजो मले." दाखवीन. एका पोळ्याला दुकानातून सुट्टी मिळवीन, मावशींना एसटीत खिडकीजवळ बसवून गावी नेईन, आणि डाव्याच्या कानाशी आवतन त्यांनाच द्यायला लावीन.