आंधळगाववाल्या वैनी आणि बादलचा दाखला

आंधळगाववाल्या वैनी कधी कुठल्या जनावराला हाक मारत नसत. चुचकारणं नाही, शीळ नाही, हातात बिस्किटाचा तुकडा नाही. त्या नुसत्या अंगणात तांदूळ निवडत बसत आणि थोड्या वेळानं बघावं तर कॉलनीतली मोकाट मांजरं, कुणाची तरी दावं तोडून आलेली शेळी आणि आमचा बादल त्यांच्या भोवती येऊन बसलेले असत. बादल आमचा होता. हे मी इतक्या वर्षांनीही ठासून सांगते, कारण तेव्हा ते मला रोज स्वतःलाच सांगावं लागे.

ही पंचाहत्तर-शहात्तरची गोष्ट. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला, कारखान्याच्या क्वार्टरांत त्या आमच्या शेजारी राहत. नवरा कारखान्यात फिटर, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. माहेर आंधळगावचं आणि सासरही त्याच गावातलं. त्यामुळे त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. मी अमरावतीची, बी.ए. झालेली, नवी नवरी म्हणून तिथं आले. पहिल्याच वर्षी माझं पोटातलं मूल सातव्या महिन्यात गेलं. त्यानंतर महिनाभरानं आमच्या ह्यांनी बादलला घरी आणलं. कारखान्यातले एक साहेब बदलून चालले होते. कुत्र्याला रेल्वेनं न्यायचं तर डॉक्टरचा दाखला आणा, पार्सल ऑफिसात खेटे घाला, ही भानगड नको म्हणून त्यांनी ते पांढरं, केसाळ, अर्धं पॉमेरियन पिल्लू ह्यांच्या हातात ठेवलं.

मी त्याला दूध-पोळी घाली. तो सगळं चाटूनपुसून खाई आणि तारेच्या कुंपणाखालून पलीकडे जाई. जेवण माझ्याकडे, झोप मात्र वैनींच्या पायांशी. मी एकदा न राहवून विचारलं, "वैनी, तुम्ही त्याला काय देता हो?"

"काई नाई देत वो बाई," त्या सुपानं तांदूळ पाखडत म्हणाल्या. "जनावराले बोलावाचं नाई. आपुन रिकामं बसाचं. थे येते."

मी दोन दिवस अंगणात रिकामी बसून पाहिलं. कुणी आलं नाही. बादल कुंपणापलीकडून माझ्याकडे पाहत होता. बाईचं काय चाललंय, असंच त्याला वाटत असणार.

वैनी माणसांशी आणि जनावरांशी एकाच आवाजात बोलत. दारात उभ्या असलेल्या गाईला त्या म्हणत, "काहून व, आज लवकर आली?" आणि कारखान्याच्या बसमधून उतरणाऱ्या नवऱ्यालाही अगदी त्याच सुरात, "काहून जी, आज लवकर आले?" मला तो सूर जमत नसे. बादलशी बोलताना माझा आवाज एकतर लाडिक होई, नाहीतर चिडका. तो लाडिकपणाला कंटाळे आणि चिडकेपणाला घाबरे. वैनींच्या साध्या बोलण्याला मात्र शेपटी हलवे. मी दारात उभी राहून ते पाहत असे आणि जळत असे. बाई चांगल्या होत्या, हेच तर अवघड होतं. वाईट असत्या तर निदान भांडता आलं असतं.

अशी तीन वर्षं गेली आणि ह्यांची बदली पुण्याकडे झाली. सगळ्यांना वाईट वाटलं. मला मनातून आनंद झाला. तिकडे कुंपणापलीकडे वैनी नसणार होत्या.

हे वरठीच्या रेल्वे स्टेशनवर जाऊन पार्सल ऑफिसात चौकशी करून आले. गार्डाच्या डब्यात कुत्र्यासाठी पेटी असते, तिथून तो जाईल, पण कुत्रा निरोगी आहे आणि प्रवासाला योग्य आहे असा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला पाहिजे. दवाखाना भंडाऱ्याला. कारखान्याच्या बसमध्ये कुत्रं घेत नव्हते. शेवटी भाजी उतरवून रिकामी परतणारी एक मेटाडोर मिळाली. मी बादलला उचलायला गेले तर तो पलंगाखाली शिरला. तासभर खटपट केली. अखेर वैनी आल्या, उंबऱ्याशी बसल्या आणि गप्प राहिल्या. तो बाहेर येऊन त्यांच्या मांडीवर चढला. मग काय, त्यांनाही बरोबर न्यावं लागलं.

दवाखान्याच्या ओसरीवर बैल, म्हशी आणि त्यांचे मालक अशी दाटी होती. आमचा पांढरा कुत्रा पाहून लोक हसले. डॉक्टर तरुण होते, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी विचारलं, "कुत्रा कोणाचा?"

बादल वैनींच्या पदरात तोंड खुपसून बसलेला. मी "माझा" म्हणाले, पण तो शब्द मलाच खोटा वाटला.

"ह्या बाईचा हाय," वैनी म्हणाल्या. "मी तं शेजारीन. वझं उचलाले आली."

डॉक्टरांनी केस बाजूला सारले, कानामागे, पोटाखाली पाहिलं आणि हात धुतले. "याला खरूज आहे. बाहेरून दिसत नाही, पण आत सगळं लाल झालंय. मी निरोगी कसं लिहू? गाडीत दुसरी जनावरं असतात. आधी केस कापा, हे मलम लावा, आणि चाटू देऊ नका. बरा झाला की घेऊन या."

परतताना मीही त्याचे केस बाजूला सारून पाहिले. तीन वर्षं कुत्रा माझा आहे म्हणत होते आणि त्याच्या कातडीवर काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं. ते वैनींनाही ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो दिलासा.

त्या संध्याकाळी ह्यांनी सरळच विषय काढला. "वैनी, तुम्हीच ठेवून घ्या त्याला. नाहीतरी तो तुमच्याचकडे असतो. दाखल्याची कटकटही मिटेल."

मला वाटलं, झालं, आता ही बाई हो म्हणणार. पण वैनींनी मान हलवली. "नाई भाऊ. मांजर घराचं, कुत्रं मानसाचं. तुमची बदली झाली तशी त्याची बी झाली."

दुसऱ्या दिवसापासून त्या कात्री घेऊन आमच्या अंगणात येऊ लागल्या. केस कापल्यावर बादल चिमणीच्या पिल्लासारखा दिसू लागला. गंधकाच्या मलमाचा वास सगळ्या घरात भरला. मलम चोळल्यावर ते सुकेपर्यंत त्याचं तोंड धरून बसावं लागे, नाहीतर तो लगेच चाटे. मला वाटलं होतं, हे सगळं वैनीच करतील आणि मी लांबून पाहत जळत राहीन. पण त्यांनी पहिल्याच दिवशी मला खाली बसवलं.

"तुमी तोंड धरा. मी मलम लावतो."

"तो मला धरू देणार नाही, वैनी."

"कुत्रा कोनाचा हाय?"

"आमचा!" मी जरा जोरातच म्हणाले.

"मंग धरा ना त्याले."

मी धरलं. त्यानं मला ओरबाडलं, मी सोडलं, पुन्हा धरलं. वैनी शांतपणे पाठीला मलम लावत राहिल्या. त्यांनी एकदाही माझ्या हातातून त्याला घेतलं नाही. मलम लावून झालं की त्या उठत, "हात धुवाले जातो" म्हणून घरात जात आणि परतच येत नसत. कुत्रं आणि मी, दोघंही वैतागलेले, त्या अंगणात बसून राहत असू. मला राग येई. अर्धं काम टाकून जाणारी बाई, असं मी ह्यांना म्हणालेही. आठवड्याभरानं बादलनं धडपड सोडली. एक दिवस मलम सुकून गेलं होतं, मी हात काढला होता, तरी तो माझ्या मांडीवरच झोपलेला होता. मी कुंपणाकडे पाहिलं. वैनी त्यांच्या दारात उभ्या होत्या. मी पाहतेय हे लक्षात येताच त्या आत गेल्या. त्या क्षणी मला जिंकल्यासारखं वाटलं आणि त्या जिंकण्यात काही चव नव्हती.

दुसऱ्यांदा भंडाऱ्याला जायच्या वेळी त्या आल्या नाहीत. "आता तुमीच न्या. मले धान कांडाचे हाय." जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये कसलं धान कांडणं! पण मी एकटीच गेले. वाटेत बादलनं माझ्या पातळावर ओकारी केली. डॉक्टरांनी सुई टोचली तेव्हा तो माझ्या काखेत शिरला. चष्मा सावरत डॉक्टरांनी दाखला लिहून शिक्का मारला आणि म्हणाले, "फार छान निगा ठेवलीत."

घरी आल्यावर वैनींनी दाखला हातात घेतला, उलटा-सुलटा पाहिला आणि वाचून दाखवायला सांगितला. तो इंग्रजीत होता. मी मराठीत सांगितलं, "पांढऱ्या रंगाचा, नाव बादल, वय अंदाजे तीन वर्षं. तपासला असता निरोगी आढळला. प्रवासास योग्य."

"पुन्हा वाचा ना," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचला. त्या हसल्या. "पाहा बाप्पा! माह्यासाठी असं कोनी लिवून नाई देल्लं अजून."

वरठी स्टेशनवर त्या पोचवायला आल्या नाहीत. "मी आली तं थो पेटीत जानार नाई," एवढंच म्हणाल्या आणि डब्यात चिवडा भरून दिला, आमच्यासाठी. बादलसाठी काहीच दिलं नाही. गाडी सुटली तेव्हा गार्डाच्या डब्यातून त्याचं रडणं ऐकू येत होतं. मी नागपूरला उतरून त्याच्याकडे धावले तेव्हा तो गजांतून माझा हात चाटत सुटला.

पुण्याकडे आम्ही रुळलो. मला मुलगी झाली, बादल तिच्या पाळण्याखाली झोपू लागला. म्हातारा होऊन तो गेला तेव्हा माझ्या मनात सगळ्यांत आधी आल्या त्या वैनी. आता त्यांना कसं सांगायचं? पत्र लिहवेना. पुढं भंडाऱ्याला एका लग्नासाठी जाणं झालं तेव्हा मुद्दाम आंधळगावला गेले. वैनींचे यजमान निवृत्त होऊन दोघंही गावी राहायला आले होते. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. त्या रडल्या तर काय बोलायचं, हेही ठरवलं होतं.

वैनी अंगणात बसल्या होत्या. केस पिकलेले, अंग वाळलेलं. त्यांनी मला लगेच ओळखलं, हात धरून जवळ बसवलं. मी धीर करून म्हणाले, "वैनी, बादल गेला हो."

त्यांनी विचारलं, "कोनता बादल?"

मला वाटलं, ऐकू आलं नसेल. "आमचा कुत्रा. पांढरा. तुमच्याकडे यायचा तो."

"हो, हो! थो खाजवाला!" त्यांना आठवलं. "गेला काय? जाऊ द्या. लय जगला मंग." त्यांच्या पायांशी एक तांबडं कुत्रं पसरलं होतं, त्याच्या पाठीवर त्यांचा हात फिरतच होता. बादलच्या वतीनं मला इतका राग आला की मी जायला उठणार होते.

"पन तुमी आता बऱ्या दिसता," वैनी म्हणाल्या. "तवा तं बाई, तुमचं लेकरू गेल्यावर महिनाभर भिंतीपलीकडून आवाजच नोता येत. ना भांड्याचा, ना बोलन्याचा. मी मालकाले म्हनत होती, ह्या बाईचं काई खरं नाई. मंग एक दिवस तुमी कुत्र्यावर खेकसल्या. म्हटलं, चाला, बोलली बाई! थो माह्याकडे आला का तुमी दारात येऊन मले पाहत होत्या. मी म्हटलं, पाहू दे. रागानं का होईना, घराबाहीर तं आली."

तीन वर्षं मी कुंपणापलीकडे एका कुत्र्यावर नजर ठेवून होते आणि त्या माझ्यावर.

तेवढ्यात शेजारच्या घरातून एक मुलगी आली. नवी सून असावी, गळ्यातली पोत अजून नवीकोरी. डोळे सुजलेले होते. ती वैनींना खेटून बसली आणि तिनं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. वैनींनी तिला ये म्हटलं नाही, काही विचारलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाल्या, "जाय व, चाय मांड. पाहुनी आली हाय."

मुलगी उठून आत गेली. डबे उघडल्या-लावल्याचा आवाज आला. तिला त्या घरात सगळं कुठं आहे ते माहीत होतं. मी इतकी वर्षं शेजारी राहून वैनींच्या चुलीपर्यंत कधी गेले नव्हते.

तिनं आणलेला चहा मी प्याले. बसची वेळ होत आली होती. मुलगी पुन्हा वैनींजवळ आपल्या जागी येऊन बसली. मी पुन्हा तशीच जळले. बादलपायी कधी जळले नव्हते इतकी. एरवी मी दुसऱ्यांदा चहा घेत नाही. त्या दिवशी मी रिकामी कपबशी पुढं केली आणि म्हणाले, "वैनी, अजून अर्धा कप मिळेल का? आणि या वेळी तुमच्या हातचा."