रत्नं किती

स्वातंत्र्याच्या आधी मी निपाणीच्या शाळेत गणित शिकवायचो. शेजारच्या जैन घरात गणिताची एक जुनी हस्तलिखित पोथी होती. तिच्यात आकडे शब्दांत लिहिलेले: चंद्र म्हणजे एक, डोळे म्हणजे दोन. घरातल्या म्हाताऱ्या आक्कांनी ती मोठ्या विश्वासानं मला वाचायला दिली.

एका उदाहरणात 'रत्न' आलं. नवरत्नं कुणाला माहीत नाहीत? मी नऊ धरले. उत्तर जुळेना. पुढचीही जुळेनात. लिहिणारा गाढव होता असं ठरवून मी लाल शाईनं सात उत्तरं खोडली, शेजारी माझी लिहिली, आणि वर आक्कांना ती दाखवायला गेलो.

रत्नं नऊ धरल्याचं मी सांगताच आक्का म्हणाल्या, "नऊ कुठली, मास्तर? आमच्यात रत्नं तीनच की. दर्शन, ज्ञान, चारित्र. एकदा इचारायचं न्हाय व्हय?"

तीन धरून पाहिलं. सगळी उत्तरं जुळली, मी खोडलेलीच.

आक्कांनी पोथी फडक्यात बांधून ठेवली. उद्या कुणी ती उघडली, तर मास्तरची लाल शाई बघून तो पोथीच चुकली म्हणेल.