काळा पडलेला कोष

चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी तपासतो. वीस वर्षं तेच केल्याने नजरेला वळण लागलंय. सगळे पार्ट सारखे दिसले पाहिजेत, वेगळा दिसेल तो लाल पेटीत. घरीही वाकडी पोळी दिसली की मी बोलून बसतो आणि मग स्वतःचं ताट स्वतःच वाढून घेतो.

गेल्या वर्षी मुलगी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होती. काळेवाडीतल्या आमच्या गॅलरीत कढीपत्त्याची कुंडी आहे. त्याच्या पानावरचं मोहरीएवढं अंडं मुलीने जाळीच्या डब्यात ठेवून जपलं. त्यातून निघालेली अळी आधी पाखराच्या शिटेसारखी दिसायची, मग हिरवीगार झाली, आणि एके दिवशी काडीला कमरेशी धागा बांधून कोषात गेली. रोज नोंद, रोज फोटो. पुढे कुंडीवर दोन मोठ्या अळ्या सापडल्या, त्याही डब्यात ठेवल्या आणि त्यांचेही कोष झाले. पण अंड्यापासूनची वही एकाचीच होती. ती दोन दिवसांत द्यायची होती, आणि फुलपाखरू निघाल्याशिवाय पुरी होणार नव्हती.

त्या दिवशी माझी सेकंड शिफ्ट होती. सकाळी मुलगी गेल्यावर मी डब्यात डोकावलो. दोन कोष हिरवे, एक काळपट. सडला असणार! चांगल्या मालात खराब माल ठेवायचा नाही, हा आमचा नियम. मी तो काडीसकट ओल्या कचऱ्यात टाकला, बादली घंटागाडीत रिकामी केली आणि मोठ्या ऐटीत मुलीला फोन लावला.

“काळा?” ती ओरडलीच. “पप्पा, तोच माझा! आतले पंख तयार झाले की रंग बाहेरून दिसतो. आज निघणार तो!”

मी बनियनवरच धावलो. गाडी पुढच्या गल्लीत उभी होती.

“काय हरवलं, भाऊ? सोनं हाय का?” गाडीवरच्या बाईंनी विचारलं.

मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. “तुमी हात नका घालू, काच आसंल,” म्हणाल्या. हातमोजे घालून त्यांनी आमची चहापत्ती, केळ्याची सालं उपसली आणि काडी अलगद माझ्या तळहातावर ठेवली. धागा तुटला होता, पण कोष शाबूत होता. मला भर रस्त्यात रडू आलं.

मुलगी तास सोडून घरी आली, तेव्हा कोष नुकताच उकलला होता. ओलं, चुरगळलेलं फुलपाखरू टेबलावर धडपडत होतं. पंख पसरायला त्याला लटकायला हवं होतं. मी बोट पुढे केलं, तसं ते चढलं आणि उलटं लटकलं. पंख हळूहळू उलगडू लागले, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. कंपनीच्या बसची वेळ टळून गेली. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

“चुकलंच माझं,” मी म्हणालो. “नुसतं बघून ठरवलं मी.”

मुलीने कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही.

“असू दे, पप्पा. आता फक्त हलू नका.”

मी हललो नाही.