ताटातला मासा आणि पाण्यातला मासा

माझे जावई संजीवराव हे बाडहूव्हडॉर्प या डच गावी राहतात व विमानतळाजवळच्या गोदामांसाठी संगणकाचे काम करतात. त्यांचे बालपण मुंबईत गेले, त्यामुळे मासा पारखण्यात आपण कोणाला हार जाणार नाही, असे ते मानतात. कल्ले लाल हवेत, डोळा फुगीर हवा, अंग चकाकते हवे. ही परीक्षा ते येथील बाजारातही घेतात व विक्रेत्याला घाम फोडतात. सन २००६ च्या शरद ऋतूत याच सवयीने त्यांना फसवले, ती हकिकत मी सांगत आहे. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला आले होते.

त्यांच्या शेजारी योप नावाचे निवृत्त गृहस्थ राहतात. या देशात कोणाकडे जायचे तर आधी वार व वेळ ठरवावी लागते. योप मात्र न विचारता दार वाजवत. येथील पाच वर्षांत संजीवरावांना मिळालेला असा हा एकच मित्र. योप यांची न्यूवे मेर या तळ्यावर लहान होडी आहे. तिच्यातला जुना जोडीदार गुडघ्याच्या दुखण्यामुळे घरी बसला, तेव्हा त्यांनी संजीवरावांना चार-सहा वेळा नेले. संजीवराव सभासद नसल्याने यावरून योप यांच्या मासेमारी मंडळात कुजबुज झाली. योप यांनी मग येथील रीतीप्रमाणे तोंडावर सांगितले, "शनिवारी स्पर्धा आहे. चांगला बार्स मिळवलास, तर जोडीदार तूच. नाहीतर मंडळातला कोणी घेईन. राग मानू नकोस."

बार्स म्हणजे अंगावर काळे पट्टे व लाल पर असलेला खादाड मासा. त्याला पकडून मोजतात व परत सोडतात.

"सोडूनच द्यायचा, तर बिचाऱ्याला जेवणावरून उठवता कशाला?" माझी मुलगी मीनल म्हणाली.

"तुला नाही कळायचं ते," संजीवराव म्हणाले.

"मला कालवण कळतं. तेवढं पुरे आहे."

स्पर्धेत जिवंत आमिष चालत नाही, शेपटी हलवणारा रबराचा मासाच गळाला लावावा लागतो. योप जन्मभर गांडूळ वापरणारे, म्हणून रंग निवडण्याचे काम त्यांनी संजीवरावांवर सोपवले. त्या तळ्यात बार्स शरदात स्पीरिंग नावाची बोटाएवढी मासळी खातो. संजीवराव बाजारात गेले, बर्फावरच्या ढिगातून अगदी ताजे स्पीरिंग निवडून घेऊन आले. त्याला काकडीसारखा वास येत होता. एक मासा त्यांनी स्टीलच्या ताटात ठेवला व त्याच्याभोवती रबराचे सर्व मासे मांडून बसले.

"मुली बघायचा कार्यक्रम चाललाय का?" मीनलने विचारले.

"हा बघ. पांढरा, बाजूला चंदेरी. हुबेहूब. आई, तुम्हीच सांगा."

मी पाहिले. खरोखर हुबेहूब होता. उरलेले स्पीरिंग मी रव्यात घोळून तळले.

शनिवारी मी व मीनल थर्मास घेऊन धक्क्यावर उभ्या होतो. हवा स्वच्छ होती व होड्या लांबवर दिसत होत्या. इतर होड्यांत मधून मधून गळाची काठी वाकत होती. आमच्या होडीत काहीच हालत नव्हते. दुपार झाली. धक्क्यावरचा एक सभासद आमच्याकडे पाहून हसला, तेव्हा मीनलने माझा हात घट्ट धरला. 

पुढचे मला नंतर योप यांनी हातवारे करून सांगितले. अचानक होडीजवळ पाणी उकळल्यासारखे झाले. खालून बार्सचा थवा स्पीरिंगवर तुटून पडला होता. जीव वाचवायला उडालेले एक स्पीरिंग थेट होडीत पडले. संजीवरावांनी ते तळहातावर घेतले व पाहतच राहिले. ते पांढरे नव्हतेच. काचेसारखे आरपार होते, पाठ हिरवट, कुशीवर जांभळी झाक. त्याच्या अंगातून त्यांना आपल्या हातावरच्या रेषा दिसल्या. मग ते स्पीरिंग तडफडून निपचित झाले, आणि पाहता पाहता ताटातल्या माशासारखे पांढरे पडले.

"योप," ते म्हणाले, "सकाळपासून मी या बार्सना मढं दाखवतोय."

"मग जिवंत दाखव. लवकर, ते चाललेत."

थंडीने बधिर झालेल्या बोटांनी त्यांनी पांढरा रबरी मासा काढला व डब्यातला हिरवट, आरपार दिसणारा लावला. पहिल्याच फेकीला काठी कमानीसारखी वाकली. आम्हाला धक्क्यावरून ती दिसली. मीनल पळत थेट टोकापर्यंत गेली. योप जाळे घेऊन वाकले, होडी कलली, आणि पट्ट्यापट्ट्यांचा एक जाडजूड बार्स वर आला. त्याचे लाल पर उन्हात चमकत होते. त्यांनी तो मोजला व हलकेच पाण्यात सोडला.

त्यांचा दुसरा क्रमांक आला. पहिल्या क्रमांकाचे गृहस्थ रंग विचारायला आले, तेव्हा योप गंभीरपणे म्हणाले, "माझ्या जोडीदाराला विचार. मला गांडुळातलंच कळतं." एवढे बोलून त्यांनी होडीच्या कुलपाची एक किल्ली साखळीतून सोडवली व संजीवरावांच्या हातात ठेवली.

"म्हणजे दर शनिवारचा भाजीबाजार आता माझ्या एकटीवर," मीनल म्हणाली. ती डोळे पुसत होती.

संजीवरावांचे तिकडे लक्षच नव्हते. ते योपना विचारत होते, की वसंतात बार्स काय खातो, आणि ते भक्ष्य पाण्यात जिवंत कुठे पाहायला मिळेल.